वर फेसाचा ढीग, खाली पाणचट दूध : घरच्या एका कॅपुचिनोचं प्रकरण

कॅपुचिनो म्हणजे दाबाखाली काढलेल्या दाट एस्प्रेसो कॉफीवर वाफेनं फुलवलेलं दूध. त्याबद्दल तक्रारी तीन होत्या. फेस भरपूर येतो, पण तो वर वेगळा तरंगतो आणि खाली नुसतं गरम दूध राहतं. चव पाणचट लागते, आणि तरीही घोट घेतल्यावर जिभेच्या मागे कडवटपणा रेंगाळतो. दूध बेताचं तापवलं तर कॉफी कोमट होते, जास्त तापवलं तर उकळलेल्या दुधाचा वास येतो.

सामान वाईट नव्हतं. एकाच छोट्या बॉयलरचं यंत्र, १५ बारचा पंप, ५८ मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर, म्हणजे पूड घेऊन यंत्राला अडकवायचा मुठीचा भाग. त्यात यंत्राबरोबर आलेली दुहेरी तळाची बास्केट, म्हणजे पूड भरायची जाळीदार वाटी. वाफेच्या नळीवर पानारेलो, म्हणजे हवेची फट असलेली प्लास्टिकची बाही. कॉफी दळलेलीच विकत घेतलेली, पाकीट फोडून महिना उलटलेला. दूध फ्रीजमधलं, ३.५ टक्के स्निग्धांशाचं. कप २८० मिलिलिटरचा, जाड चिनी मातीचा, कपाटातून काढून थेट यंत्राखाली ठेवलेला.

हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण एवढंच की अशी तक्रार घरोघरी होते आणि तिच्यावर पहिल्यांदा सुचणारे उपाय बहुतेक उलटे पडतात. इथेही ते करून झाले होते.

आधी काय केलं होतं

पाणचट लागते म्हणून कॉफी एक चमचा वाढवली. कडवटपणा तेवढा वाढला. कारण कॉफी कमी पडत नव्हती, तिच्यातून पाणी जास्त जात होतं. शिवाय बास्केट काठोकाठ भरली की भिजून फुगलेली पूड वरच्या जाळीला टेकते, पुडीच्या चकतीला तडे जातात आणि पाणी त्या तड्यांतून पळ काढतं.

फेस टिकत नाही म्हणून जास्त स्निग्धांशाचं दूध आणलं. घोट जाडसर लागला, फेस होता तसाच. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती त्यांचं पातळ आवरण तयार होतं. स्निग्धांश तोंडात गुळगुळीतपणा आणतो, मोठे बुडबुडे लहान करणं त्याच्या हातात नाही.

कोमट होते म्हणून दूध अधिक तापवलं, आणि इथून प्रकरण खरं बिघडलं. ७० अंश सेल्सिअसच्या वर दुधातली मट्ठा-प्रथिनं झपाट्यानं उलगडतात, त्यांतून गंधकाची संयुगं सुटतात आणि उकळल्याचा तो वास येतो. दुधाचा गोडवा ५५ ते ६५ अंशांमध्ये सर्वात छान जाणवतो. ते ७५ च्या पुढे नेलं की तो हरवतो आणि फेसही राठ होतो.

मुळात कोमटपणाचा दोष दुधाकडे नव्हताच. ३२० ग्रॅम वजनाचा गार कप ६२ अंशांचं पेय सहज आठ-नऊ अंशांनी उतरवतो. त्यात इथे एस्प्रेसो आधी काढून त्या गार कपात दूध तयार होईपर्यंत ठेवला जात होता. दूध ओतायची वेळ आली तेव्हा कपातल्या कॉफीचं तापमान ४३ अंश भरलं.

मोजल्यावर काय दिसलं

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, टोकदार स्वयंपाकाचा थर्मामीटर आणि घड्याळ, एवढंच लागतं. काहीही न बदलता, रोज करतात तशीच कॉफी करायला सांगून नोंदी घेतल्या.

चमच्यानं घेतलेली कॉफी कधी ११.८ ग्रॅम, कधी १४.२ ग्रॅम. यंत्राचं दोन कपांचं बटण दाबलं की १५ सेकंदांत ६० ग्रॅम कॉफी कपात. म्हणजे एका भागाला चार ते पाच भाग पाणी. एस्प्रेसोसाठी हे प्रमाण साधारण १ ला २ असतं. एवढं पाणी पुडीतून गेलं की शेवटच्या टप्प्यात चव देणारं फारसं काही उरत नाही, फक्त कडवट आणि तुरट ऐवज निघत राहतो. पाणचट आणि कडू हे दोन्ही एकाच कपात कसं, याचं उत्तर इथे आहे.

या कॉफीवर क्रेमा, म्हणजे वरचा तपकिरी फेसाचा थर, मात्र झकास दिसत होता. तो बास्केटचा होता. दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये सगळी कॉफी शेवटी एका टाचणीएवढ्या छिद्रातून पिचकारीसारखी बाहेर पडते आणि त्या जोरानं फेसाळते. पूड शिळी असो की भरड, वर तपकिरी थर येतोच. खरा क्रेमा म्हणजे भाजलेल्या दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळून कपात पुन्हा सुटतो तो. मिलानच्या अकिले गाजियाच्या लिव्हरच्या यंत्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो कपात आणला, तोवर वाफेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांमधून तो येत नसे. त्यामुळे क्रेमा पाहून एस्प्रेसोची पारख करायची असेल तर आधी बास्केट कोणती आहे ते पाहावं.

आता दूध. १५० ग्रॅम दूध, सुरुवातीला ८ अंश, शेवटी ७६ अंश. वाफ देऊन झाल्यावर जगासकट, म्हणजे दूध फेसायच्या भांड्यासकट, पुन्हा वजन केलं तेव्हा दूध १८२ ग्रॅम भरलं. ३२ ग्रॅम वाढ.

या प्रकरणातली सर्वात बोलकी नोंद हीच. वाफेनं दूध तापतं ते वाफेचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेवर. एक ग्रॅम वाफ दुधात विरली की ती साधारण २.४ किलोज्यूल उष्णता देते आणि स्वतः एक ग्रॅम पाणी होऊन दुधातच राहते. एक ग्रॅम दूध एका अंशानं तापायला सुमारे ३.९ ज्यूल लागतात. १५० ग्रॅम दूध ६८ अंशांनी चढवायला जवळपास ४० किलोज्यूल, म्हणजे १६ ते १७ ग्रॅम वाफ. स्टीलचा जग तापतो त्यासाठी आणखी दोन ग्रॅम धरले तरी १९ ग्रॅमांपलीकडे वजन वाढायला नको. इथे ३२ वाढलं. वरचे १३ ग्रॅम वाफ म्हणून आलेच नाहीत, ते नळीतून थेट पाणी म्हणून दुधात गेले.

एवढ्या कपात ६० ग्रॅम विरळ कॉफी आणि ३२ ग्रॅम पाणी मिसळलेलं दूध. चमचाभर कॉफी वाढवून हे भरून निघणार नव्हतं. घरच्या दुधाच्या कॉफीची चव फिकी लागली की सगळे कॉफीकडे बघतात. दुधाचं वजन आधी आणि नंतर करून पाहणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि आमच्या मते ते सर्वात आधी करावं. ६० अंशांपर्यंत तापवलेल्या दुधाचं वजन साधारण दहा टक्क्यांनी वाढणं रास्त. पंधरा टक्क्यांच्या वर गेलं तर वाफ ओली आहे.

एस्प्रेसो : फेसाच्या आधी हा नीट करावा लागतो

पहिला बदल कपाचा. २८० मिलिलिटरचा कप बाजूला ठेवून १८० मिलिलिटरचा घेतला. इटलीतल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेनं ठरवलेला कॅपुचिनो आणखी लहान असतो: २५ मिलिलिटर एस्प्रेसो, आणि १०० मिलिलिटर थंड दूध वाफेनं फुलवून केलेलं १२५ मिलिलिटर. घरी दुहेरी शॉट, म्हणजे एका दमात दोन मापांचा एस्प्रेसो, काढायचा असल्यानं १८० चा कप जुळतो. मोठ्या कपात मूठभर दूध जास्त जातं आणि कॉफी त्यात बुडते, हे कोणत्याही कौशल्यानं टळत नाही.

दुसरा बदल बास्केट आणि ग्राइंडर, आणि हे दोन्ही एकदमच करावे लागतात. साध्या, एकेरी तळाच्या बास्केटमध्ये पाण्याला अडवणारं फक्त पुडीचं दळण असतं. दळून मिळणारी पूड त्यासाठी बहुधा भरड असते. साध्या बास्केटमध्ये ती घातली की पाणी भसाभसा निघून जातं. पात्याचा मिक्सरसारखा ग्राइंडर इथे चालत नाही, कारण त्यात निम्मी पूड पिठासारखी आणि निम्मी कण्यांसारखी होते. दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणे चिरडणारा बर ग्राइंडर हवा, आणि त्याचे टप्पे इतके जवळजवळ हवेत की एका टप्प्यानं शॉटचा वेळ दोन-चार सेकंदांनीच बदलावा. हातानं फिरवायचाही चालतो. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते यंत्रावर न घालता ग्राइंडरवर घालावेत. ग्राइंडर घेणं शक्यच नसेल तर दुहेरी तळाचीच बास्केट ठेवावी, ताजी दळलेली पूड थोडी थोडी आणावी आणि बटण सोडून हातानं शॉट थांबवावा. दुधाच्या कॉफीला तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

दाणे मध्यम ते गडद भाजणीचे, भाजून दहा दिवस झालेले घेतले. भाजल्याबरोबर वापरलेल्या दाण्यात वायू इतका असतो की शॉट वेडावाकडा वाहतो. आठवडाभर मुरू दिले की ते शांत होतात आणि पुढे महिनाभर चांगले राहतात. हलक्या भाजणीचा आंबटगोडपणा काळ्या कॉफीत सुंदर लागतो, दुधात मात्र तो बहुधा दह्याकडे झुकतो.

प्रमाण पक्कं केलं: १७ ग्रॅम पूड, ३४ ग्रॅम कॉफी. दळण जुळेपर्यंत हे दोन आकडे हलवायचे नाहीत, फक्त दळण बदलायचं.

पहिला शॉट ११ सेकंदांत ३४ ग्रॅमला पोचला. धार सुरुवातीपासून फिकट पिवळी, चव आंबट आणि पोकळ. दळण चांगलंच बारीक केलं, तर थेंब थेंब पडत ४१ सेकंद लागले आणि चव जळकट, कोरडी. मधला टप्पा धरला, २७ सेकंद. धार आधी गडद, मग विटकरी, शेवटी फिकट होत गेली. टप्पा बदलताना एक गोष्ट विसरायची नाही. ग्राइंडरच्या आत आधीच्या दळणाची पूड राहिलेली असते, म्हणून नव्या टप्प्यावरची पहिली दोन-तीन ग्रॅम टाकून द्यायची. नाहीतर आपण बदल केला एक आणि चाखतो भलतंच.

चाखायचं ते दुधात. एक चमचा एस्प्रेसो आणि तीन चमचे कोमट दूध ढवळून प्यायलं की फेस करण्याआधीच कळतं. नुसता एस्प्रेसो थोडा जास्त कडक वाटला तरी दुधात तो बरोबर बसतो, आणि नुसता छान मऊ वाटलेला दुधात गायब होतो. इथे २७ सेकंदांचा शॉट दुधात किंचित मागे पडत होता, म्हणून ३४ ऐवजी ३१ ग्रॅमवर थांबवला. तेवढंच.

पुडीच्या गुठळ्या पातळ सुईनं मोडायच्या, पूड सगळीकडे सारखी पसरायची, टँपर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, आडवा सपाट ठेवून दाबायचं. किती किलो जोर लावला याला लोक उगाच महत्त्व देतात. पूड एकदा घट्ट बसली की जास्त दाबून फारसं काही होत नाही. टँपर तिरका राहिला तर मात्र पाणी पातळ बाजूनं वाट काढतं, आणि मग एकाच शॉटमध्ये एका बाजूनं कच्ची आणि दुसऱ्या बाजूनं जळकट चव येते. शॉटनंतर चोथा उलटा टाकून पाहावा. त्यात बारीक भोक किंवा कडेला ओली खोबण दिसली तर पाण्यानं तिथून पळवाट काढली आहे.

पंपावरच्या १५ बारबद्दलही लोक विचारतात. तो पंपाचा कमाल दाब. पुडीवर ९ बारच्या आसपास दाब हवा असतो, आणि दळण बरोबर असलं की बहुतेक यंत्रांत तो त्या टापूत येतो. १५ चा आकडा वाचून खूश होण्यासारखं काही नाही.

यंत्राचा दिवा दोन-तीन मिनिटांत तयार असल्याचं सांगतो, पण तेव्हा फक्त बॉयलरमधलं पाणी तापलेलं असतं. ग्रुपचं, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे अडकतो त्या भागाचं, जाड धातू गारच असतं आणि ते पहिल्या शॉटची उष्णता शोषून घेतं. पोर्टाफिल्टर लावून यंत्र पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचं, मग रिकाम्या पोर्टाफिल्टरमधून ४०-५० मिलिलिटर गरम पाणी कपात सोडायचं. कप त्याच पाण्यानं तापतो, कोमटपणाची तक्रार इथेच अर्धी सुटते.

वाफ : मुख्य दुखणं

आधी पानारेलो. या बाहीच्या वरच्या बाजूला एक फट असते. वाफ जोरात खाली जाताना त्या फटीतून हवा आपोआप आत ओढली जाते. फट दुधाच्या वर आहे तोवर हवा जातच राहते, थांबवायची सोय नाही. फट दुधात बुडाली की हवा बंद होऊन दूध नुसतं फिरतं. हे जमायला जगात दुधाची खोली पुरेशी हवी. इथे रुंद जगात १५० ग्रॅम दूध होतं, फट बुडण्याचा प्रश्नच नव्हता. दूध तापेपर्यंत अखंड हवा जात राहिली, म्हणून वर साबणाच्या पाण्यासारखा राठ ढीग झाला आणि खाली एकही बुडबुडा नसलेलं दूध.

बाही ओढून काढली. आत एका छिद्राची पातळ स्टीलची नळी होती. तिनं हवा किती घालायची हे आपल्या हातात येतं. नळी चटका देते, म्हणून धरायच्या जागी रबर असलेल्या यंत्रातच बाही काढावी, नाहीतर जाड कपडा हाताशी ठेवावा. जगही बदलला: ३५० मिलिलिटरचा, खाली रुंद आणि वर निमुळता, त्यात ११० ग्रॅम दूध. नळीचं टोक बुडायला एवढी खोली पुरते.

मग ओल्या वाफेचा बंदोबस्त. एका बॉयलरच्या यंत्रात शॉट झाल्यावर बॉयलर पाण्यानं पूर्ण भरलेला असतो. वाफेचं बटण दाबलं की तेच पाणी ९५ अंशांवरून १३० च्या पुढे तापवायचं असतं. दिवा लागल्या लागल्या नळी दुधात घालून नॉब उघडला तर आधी नळीतलं निवलेलं पाणी, मग बॉयलरच्या वरच्या भागातलं उकळतं पाणी, आणि शेवटी वाफ, अशा क्रमानं सगळं दुधात जातं. ते १३ ग्रॅम इथून आले होते.

योग्य क्रम असा बसला. वाफेचं बटण दाबून दिवा तयार असल्याचं सांगेपर्यंत थांबायचं. नळी रिकाम्या मगात धरून नॉब उघडायचा. आधी पाणी थुंकल्यासारखं येतं, नंतर पांढरी वाफ, आणि नळीच्या टोकाजवळ एक-दोन सेंटिमीटर काहीच दिसत नाही इतकी पारदर्शक वाफ सुरू झाली की ती कोरडी. नॉब बंद करायचा. दाब उतरल्यामुळे हीटर पुन्हा चालू झालेला असतो. दहाएक सेकंद थांबून, हीटर चालू असतानाच दुधाला सुरुवात करायची. हीटर बंद पडल्यावर सुरुवात केली तर छोट्या बॉयलरचा दाब मध्येच ढासळतो आणि शेवटची वाफ पुन्हा ओली येते.

दूध ५-६ अंशांचं हवं, जग शक्यतो गार. थंड दूध घेतल्यानं हवा घालायला आणि ती दुधात मिसळायला वेळ मिळतो, याखेरीज त्यात गूढ काही नाही. नळीचं टोक आधी पृष्ठभागाखाली सेंटिमीटरभर, मधोमध नव्हे, कडेच्या जवळ, आणि जग थोडा कललेला, म्हणजे दूध गोल फिरायला लागतं. नॉब पूर्ण उघडायचा. घाबरून अर्धा उघडला की दूध फिरत नाही आणि वाफ ओली येते. मग जग अगदी केसभर खाली आणायचा. चिस्, चिस्, चिस् असा तुटक बारीक आवाज आला की हवा बरोबर जातेय. ब्लप्-ब्लप् असा आवाज आला तर टोक बाहेर आलं आहे आणि मोठे बुडबुडे शिरलेत. किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर टोक खोल आहे, हवा जातच नाही आणि दूध नुसतं तापतंय.

दूध फुगून वर चढतं तसा जग खाली नेत राहायचा. कॅपुचिनोसाठी ही हवा सात ते दहा सेकंद पुरते. तळहाताला जग गार लागायचा थांबला, म्हणजे दूध ३७-४० अंशांच्या आसपास आलं, की हवा बंद. त्यानंतर घातलेली हवा दुधात मुरत नाही, तिचे बुडबुडे शेवटपर्यंत दिसतात. आता टोक सेंटिमीटरभर बुडवून नुसता भोवरा. याच भोवऱ्यात मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात, आणि पूर्वी हाच टप्पा घडत नव्हता. थर्मामीटर ५६-५७ दाखवेल तेव्हा नॉब बंद करायचा. काटा मागून येतो, दूध ६० ला पोचलेलं असतं. थर्मामीटर नसेल तर जग हाताला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरवत नाही ती वेळ.

यानंतरचं वजन १२१ ग्रॅम. ११० ग्रॅम दूध, ११ ग्रॅम वाफ. हिशेबात बसेल तेवढंच.

सराव रोज दुधावर करायची गरज नाही. जगात गार पाणी आणि भांडी घासायच्या द्रावणाचा एकच थेंब घातला तरी आवाज, भोवरा आणि फेसाचा पोत शिकता येतो. नंतर जग आणि नळी स्वच्छ धुऊन, वाफ सोडून घ्यायची.

एवढं करूनही फेस डोळ्यांदेखत चुर्र करत विरत असेल तर मग दुधाकडे बघावं. दूध जुनं झालं की त्यातली चरबी फुटून मोकळी स्निग्धाम्लं तयार होतात आणि ती बुडबुड्यांचं आवरण तोडतात. वासाला दूध ठीक असतं, फेस मात्र धरत नाही. दुसऱ्या ताज्या दुधावर तीच कृती करून पाहिली की निकाल लागतो. एकदा वाफ दिलेलं दूध गार करून पुन्हा वापरायचा मोह होतो, पण ते पहिल्यासारखं फुलत नाही. या घरात दूध दोषी नव्हतं.

एका बॉयलरची अडचण : आधी काय?

शॉट आणि वाफ एकाच वेळी होत नाहीत. आधी दूध केलं तर बॉयलर निवेपर्यंत फेस वर सुटतो आणि खाली दूध उरतं, म्हणजे मूळ तक्रार पुन्हा हजर. शिवाय १३० अंशांच्या बॉयलरमधून घाईनं शॉट काढला तर पूड अक्षरशः भाजते. आधी शॉट काढला तर एस्प्रेसो मिनिटभर थांबतो, क्रेमा थोडा बसतो. आमचं मत स्पष्ट आहे: आधी शॉट. तापलेल्या कपात मिनिटभर थांबलेल्या एस्प्रेसोचं दुधातल्या चवीत फारसं बिघडत नाही, आणि सुटलेला फेस मात्र पुन्हा एकजीव होत नाही. दूध मोजून जगात, फ्रीजमध्ये तयार असू द्यावं. शॉट संपताच वाफेचं बटण, तोवर पोर्टाफिल्टर काढून चोथा टाकणं, मग वाफ कोरडी करणं. या यंत्रावर शॉट संपल्यापासून दूध ओतेपर्यंत दोन मिनिटांच्या आत सगळं बसलं. ओतताना कॉफी ५५ अंशांच्या वर होती.

दूध झालं की नळी ताबडतोब ओल्या फडक्यानं पुसायची आणि दोन सेकंद वाफ सोडायची. नळी निवताना आत पोकळी तयार होते आणि टोकाचं दूध वर ओढलं जातं. ते आत सुकलं की छिद्र बुजतं, वाफ कमी होते आणि वासही येतो. त्यानंतर वाफेचं बटण बंद करून पंप चालवायचा, नळीतून सलग पाणी येईपर्यंत. बॉयलर पुन्हा भरतो, हीटर कोरडा राहत नाही आणि तापमानही शॉटच्या पातळीवर उतरतं. हे न करता यंत्र तसंच सोडणं ही छोट्या यंत्रांचा हीटर जळण्याची नेहमीची वाट आहे.

ओतणं

जग एकदा ओट्यावर आपटून मोठे बुडबुडे फोडायचे आणि दूध ओल्या रंगासारखं चकचकीत होईपर्यंत गोल फिरवायचं. ठेवून द्यायचं नाही, दहा-पंधरा सेकंदांत ओतायचं. आठ-दहा सेंटिमीटरवरून बारीक धार कपाच्या मधोमध, अर्धा कप भरला की जगाची चोच पृष्ठभागाला टेकेल इतकी खाली आणून धार मोठी. फेस मग आपोआप वर येतो आणि कडेला तपकिरी रिंगण राहतं. नक्षी आली तर आनंद, नाही आली तर चवीला काही कमी नाही.

चमच्याच्या पाठीनं वरचा फेस बाजूला सारून पाहिला. एक सेंटिमीटरहून थोडा जास्त जाड, बुडबुडे डोळ्यांना वेगळे न दिसणारे, चमचा काढल्यावर हळूच जागेवर परतणारा. पेयाचं तापमान ५७ अंश. पाणचटपणा गेला, मागचा कडवटपणा गेला. साखर न घालताही लागणारी दुधाची गोडी पहिल्यांदाच लागली, कारण आता ते जळत नव्हतं आणि त्यात पाणीही पडत नव्हतं.

जे सुटलं नाही

दोन कप लागोपाठ करायचे म्हटले की हे यंत्र धापा टाकतं. त्यावर बसलेला मार्ग असा: १७ ग्रॅमचे दोन शॉट आधी, दोन्ही तापलेल्या कपांत, वरून बशी झाकून. मग ५०० मिलिलिटरच्या जगात २२० ग्रॅम दूध एकदमच. छोट्या बॉयलरला एवढं दूध जड जातं, वेळ जवळपास दुप्पट लागतो आणि शेवटी दाब उतरतो, म्हणून हवा सगळी सुरुवातीलाच, बारा-पंधरा सेकंदांत घालायची. ओतताना पहिल्या कपात फेस जास्त आणि दुसऱ्यात कमी जातो. ते टाळायला फिरवलेलं दूध आधी दुसऱ्या तापवलेल्या जगात निम्मं काढायचं आणि मग दोन्हीतून ओतायचं. पहिला शॉट तीनेक मिनिटं थांबतो, आणि त्या कपात थोडा फरक जाणवतो. तिघांसाठी करायची असेल तर दुधाची दुसरी खेप वेगळी करावी. तीन कपांचं दूध एकदम घेतलं तर या बॉयलरची वाफ ४५ अंशांच्या आसपासच थकते.